दोराचे दोन वेढे

७ मार्च १९९८, शनिवार. रोख दोनशे पंचेचाळीस मोजून कलमसाहेबांनी बारा वर्षांच्या लेकीसाठी एक जाडजूड पुस्तक आणि सात फाशांची डबी विकत घेतली. पावती मागून घेतली, घडी घालून पाकिटात ठेवली. खरे तर ते नकाशांचे पुस्तक घ्यायला गेले होते. पण दुकानातल्या बाई म्हणाल्या, की हा घरात बसून खेळायचा गोष्टीचा खेळ आहे आणि ह्यात प्रत्येक गोष्टीला नियम आहे. दोरावरून चढायला नियम, अंधारात बघायला नियम, उपाशी माणूस कितव्या दिवशी आडवा होतो त्यालाही नियम. तीनशे बारा पाने. कलमसाहेबांनी उभ्या उभ्या चाळीस पाने वाचली आणि नकाशांचे पुस्तक जागच्या जागी ठेवून दिले.

कलमसाहेब हे अर्थातच टोपणनाव. ते लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी कचेरीत निरीक्षक होते आणि कुणी काहीही विचारले तरी उत्तराची सुरुवात कलमाच्या क्रमांकाने करायचे. कचेरीने ठेवलेले नाव हळूहळू घरापर्यंत आले. बायको त्यांना समोर ‘अहो’ म्हणायची आणि शेजारणींशी बोलताना ‘आमचं कलम’.

माणूस काही जन्मतः असा नसतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पाच मजली इमारतीच्या लिफ्टचा दोर झिजलेला निघाला. मापात बसत नव्हता, पण अगदी थोडक्यासाठी. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने गळ घातली, की नवा दोर सोमवारी येतोय, वरच्या मजल्यावर एक अधू बाई राहतात, चार दिवस चालू द्या. कलमसाहेबांनी सही केली. शुक्रवारी कचेरी सुटल्यावर ते त्या इमारतीसमोर जाऊन उभे राहिले. शनिवारी गेले. रविवारी दोनदा गेले. आत जाणारी माणसे मोजायची, बाहेर येणारी मोजायची, दोन्ही आकडे जुळले की घरी यायचे. सोमवारी नवा दोर बसला. काहीही झाले नाही. पण त्या चार दिवसांत त्यांचे दोन किलो वजन उतरले, आणि पुढच्या तीस वर्षांत त्यांनी कुणालाही एका दिवसाची सवलत दिली नाही.

आता ह्या खेळाविषयी. ह्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: समोर नदी आहे, पूल तुटलाय, मागून शत्रू येतोय. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्याच्या वतीने सांगतात, की मी अमुक करतो. ते जमते की नाही हे पुस्तकातले नियम आणि फासे मिळून ठरवतात; मुख्य फासा वीस बाजूंचा असतो. एक गोष्ट वर्षानुवर्षे चालू शकते. कलमसाहेबांच्या टेबलावरची अकरा वर्षे चालू होती.

टेबल होते स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत. लोखंडी जिना, भिंतीला लागून कागदाचे गठ्ठे, शाईचा वास. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा. सूत्रधार अर्थात कलमसाहेब. खेळणारे चार: खोलीचा मालक म्हणजे दुकानदार, कचेरीतला त्यांच्या हाताखालचा मेकॅनिक, बायकोच्या मैत्रिणीची धाकटी बहीण, जी इस्पितळात नर्स होती, आणि कलमसाहेबांची लेक.

पुस्तकातले नियम कमी पडले म्हणून की काय, कलमसाहेबांनी स्वतःची एकेचाळीस कलमे टाइप करून भिंतीवर लावली होती. फासा टेबलाखाली पडला तर फेक बाद. एकदा जाहीर केलेला निकाल बदलत नाही, हे सातवे कलम. लागोपाठ तीन शनिवार गैरहजर राहणाऱ्याची खुर्ची दुसऱ्याला, हे अठरावे. नर्सबाईंनी एकदा विचारले होते, “दादा, राक्षसाला सर्दी झाली तर कुठलं कलम?” कलमसाहेब शांतपणे म्हणाले, “एकोणतीस.” सगळे हसले. मग कुणीतरी उठून भिंतीवर पाहिले, तर एकोणतिसावे कलम खरोखरच आजारपणाचे होते.

त्यांची बाजू लंगडी होती असे मात्र नाही. दुकानदार एकदा म्हणाला, की दुसऱ्या एका गटात सूत्रधार हाताच्या आड फासे टाकतो आणि गोष्टीला सोयीचा आकडा सांगतो; सगळे मजेत असतात. कलमसाहेबांनी विचारले, मग टाकायचेच कशाला? त्याआधीच्या वर्षी मेकॅनिकचे पात्र जळत्या मनोऱ्यात अडकले होते. वाचायला वीसच पडायला हवे होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वीस पडले. मेकॅनिकसारखा मेकॅनिक, दोन मुलांचा बाप, खुर्चीवर उभा राहून नाचला. ह्या टेबलावर कुणी खोटे बोलत नाही हे ठाऊक होते, म्हणूनच तो नाच खरा होता.

लेकीचे पात्र होते नावाडीण. अकरा वर्षे एकच. पुराच्या पाण्यात नाव घालणारी, कमी बोलणारी, कुठल्याही गावात मुक्काम न करणारी. लेक प्रत्यक्षातही फार बोलत नसे. हाडांच्या दवाखान्यात ती रोग्यांना व्यायाम शिकवायची. सव्विसाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी एका दुपारी ती एक बॅग घेऊन माहेरी परत आली. कलमसाहेबांनी दार उघडले. बॅग पाहिली. पहिले वाक्य त्यांच्या तोंडून निघाले ते असे: “त्यांना लेखी कळवलंयस ना?” बायकोने मागून येऊन लेकीच्या हातातली बॅग घेतली आणि नवऱ्याकडे असे पाहिले, की ते पुढे दोन दिवस मूग गिळून बसले.

पण लेखी कळवणे, अर्ज, तारखा, दाखले हे सगळे त्यांनी एकट्याने केले. वकीलसुद्धा म्हणाले, की इतकी नीटनेटकी फाइल त्यांनी पाहिली नव्हती. एका कागदासाठी तारीख पुढे गेली नाही. लेक सुटली. आठ महिन्यांनी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःपुरती जागा घेतली. ह्या सगळ्यात त्या घरात नेमके काय घडले होते, हे कलमसाहेबांनी तिला कधी विचारले नाही. विचारायचे नव्हते असे नाही. ते कुठल्या रकान्यात बसते हे त्यांना कळेना.

तेव्हापासून बापलेकीची भेट म्हणजे शनिवार, तीन ते सहा.

त्या शनिवारी नदीला पूर आला होता. म्हणजे गोष्टीतल्या. गाव बुडत होते आणि शेवटच्या तराफ्यावर अकरा माणसे होती. तराफा दोराने काठाला धरलेला, दोर हळूहळू सोडत तो पलीकडे न्यायचा. काठावर दोर धरायला एकटी नावाडीण. बाकीच्या तिघांची पात्रे पलीकडे पोचलेली.

“काठावर खुंट आहे का?” लेकीने विचारले.

कलमसाहेबांनी टिपण पाहिले. “आहे. जाड लाकडी.”

“मग मी दोराचे दोन वेढे खुंटाला घालते आणि टोक हातात धरते.”

कलमसाहेबांनी पुस्तक उघडले. गाठीचे पान काढले. चष्मा वर करून पुन्हा वाचले. मग म्हणाले, की गाठ मारायची तर एक पूर्ण पाळी लागेल आणि तेवढ्यात तराफा वाहून जाईल. वेढ्यांबद्दल पुस्तकात काही नाही. दोन घातले काय नि दहा घातले काय, सारखेच. ताकदीचा फासा टाक, सतरा हवेत.

मेकॅनिक खुर्चीत पुढे सरकला. “साहेब, दोन वेढ्यांनी तर...”

कलमसाहेबांनी हात वर केला. “इथे लिफ्ट नाही.”

लेक बापाकडे पाहत राहिली. ती आठ वर्षांची असताना ह्याच माणसाने जिन्याच्या कठड्याला दोराचे दोन वेढे घालून एक टोक तिच्या हातात दिले होते आणि दुसरे टोक स्वतःच्या कमरेला बांधून सगळ्या अंगाने ओढले होते. तिने दोन बोटांनी बापाला थोपवून धरले होते. लिफ्टच्या चाकावर दोराला गाठ नसते, त्याची नुसती पकड असते; त्या पकडीवर दहा माणसे वर जातात, हे तेव्हा त्यांनीच तिला समजावले होते. टेबलाभोवती बसलेल्यांत हे सगळ्यात जास्त ज्याला माहीत होते, तोच म्हणत होता की पुस्तकात नाही.

तिने वाद घातला नाही. फासा टाकला. सहा.

दोर हातातून चालला आहे, कलमसाहेब म्हणाले. सोडलास तर तू वाचशील, तराफा जाईल. धरून ठेवलास तर एक पाळी मिळेल, तेवढ्यात तराफा पलीकडच्या काठाला लागेल, पण तू पाण्यात ओढली जाशील. हे नियमाप्रमाणेच होते आणि निवड तिची होती.

“सोडत नाही,” लेक म्हणाली.

पाण्यातून वाचायला तीन फेकी असतात. तिन्हींपैकी दोन तरी दहाच्या वर हव्या. चार पडले. मग बारा. मग सात. दुकानदाराने डोळे मिटून घेतले. कलमसाहेब म्हणाले, “नावाडीण बुडाली.”

“अकरा जण पोचले?”

“पोचले.”

“बरं.”

तिने पात्राचा कागद दुमडला, बापासमोर ठेवला, आपला चहाचा कप विसळून पालथा घातला आणि जिना उतरून गेली. सहाला अजून पंचवीस मिनिटे होती. नर्सबाईंनी फासे डबीत भरले. मग म्हणाल्या, की दादा, आमच्याकडे औषधाच्या पुस्तकात नसलेली दुखणी घेऊनच निम्मे रोगी येतात. त्यांना परत पाठवता येत नाही.

पुढच्या शनिवारी लेक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर उचलायची, तब्येत विचारायची, सांगायची आणि ठेवायची. रागाने बोलली असती तर बरे, असे कलमसाहेबांना वाटू लागले. रागावलेल्या माणसाला निदान उत्तर देता येते.

ह्या दिवसांत त्यांनी तीनशे बारा पाने पहिल्यापासून वाचून काढली. नावाडीण परत यावी अशी एखादी फट कुठे आहे का, ते शोधत होते. बायको शिवणाच्या यंत्रावरून एकदा म्हणाली, “सापडलं का लेकीशी बोलायचं कलम?” त्यांनी पान उलटले. फट नव्हती, आणि असती तरी भिंतीवर सातवे कलम होते, खाली त्यांचीच सही होती.

फट सापडली नाही, पण स्वतःच्या टिपणवह्या सापडल्या. अकरा वर्षांच्या, तारीखवार. पाच वर्षांपूर्वीच्या एका शनिवारची नोंद अशी होती: ‘जंगलात मुक्काम. शेकोटी. नावाडिणीने जुन्या घराची हकीकत सांगितली. जिन्यावरून वर येणारी पावले मोजत बसायची सवय होती, म्हणे. विश्रांती पूर्ण. प्रत्येकी ताकदीचे चार गुण परत.’

लेक माहेरी परत आल्याला तेव्हा तीन महिने झाले होते. कलमसाहेबांना तो शनिवार आठवला. ती नावाडिणीच्या आवाजात बोलत होती, सगळे ऐकत होते, मेकॅनिकने पेन्सिल खाली ठेवली होती. आणि तिचे बोलणे संपल्यावर सूत्रधाराने, म्हणजे त्यांनी, गुण वाटले होते. त्यांनी ती वही मिटली आणि पुष्कळ वेळ तशीच मांडीवर ठेवली.

तिसरा शनिवार उजाडायच्या आधी, मंगळवारी, ते आणि मेकॅनिक एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर यंत्राच्या खोलीत होते. चाक फिरत होते, दोर त्यावरून गुपचूप सरकत होते. कलमसाहेबांनी दोरांची जाडी मोजली, मेकॅनिकने आकडे लिहून घेतले. खाली उतरताना मेकॅनिक म्हणाला, की लहान तोंडी मोठा घास होईल, पण विचारतो. “साहेब, तुम्ही म्हणालात इथे लिफ्ट नाही. पण दोर तर दोरच होता ना?”

“हो,” कलमसाहेब म्हणाले.

“मग?”

“मी घाबरलो.” एवढेच बोलून ते पुढच्या मजल्याची पाटी वाचू लागले. मेकॅनिकने पुढे विचारले नाही. पण त्यांना स्वतःला उत्तर माहीत होते. एकदा दोन वेढे मान्य केले, की उद्या दुसरा कुणी तिसरे काही मागेल, आणि ते पुस्तकात नसेल, आणि ठरवावे त्यांना लागेल. ठरवले आणि चुकले तर पुस्तकाकडे बोट दाखवता येणार नाही. त्या पाच मजली इमारतीसमोर उभे राहून माणसे मोजणे पुन्हा सुरू होईल. त्यापेक्षा नावाडीण बुडालेली बरी, असे त्यांनी त्या क्षणी ठरवले होते, आणि ते ठरवलेच नाही असा बहाणा केला होता.

बुधवारी लेकीला सुटी असते. कलमसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस धरली. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीत व्यायामाचे रबरी पट्टे वाळत घातलेले. लेकीने दार उघडले आणि आत या म्हणाली. त्यांनी चपला सरळ रेषेत काढल्या. बसलेही नाहीत, उभ्यानेच बोलले.

“दोन वेढ्यांनी दोर राहिला असता. मला माहीत होतं.”

“माहीत होतंच तुम्हाला,” लेक म्हणाली. “मला शिकवलं कुणी?”

“चुकलं माझं.”

तिने खुर्ची पुढे केली. ते बसले. तिने पाणी दिले, ते त्यांनी संपवले. मग ती म्हणाली, “म्हणजे आता नावाडीण परत येणार?”

“नाही. सातवं कलम.”

ती हसली. थोडेच, पण हसली. “तेवढ्यासाठी तुम्ही सातवं कलम मोडलं असतंत, तर मला डॉक्टरच बोलवावा लागला असता.” मग हसू ओसरले. “बाबा, मी नियम मोडा असं म्हटलंच नव्हतं. कधीच नाही म्हटलं. पुस्तक जिथे गप्प होतं तिथे तरी तुम्ही बोलाल, असं वाटलं होतं.”

कलमसाहेबांनी मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. मग त्यांना जे विचारता येत होते ते त्यांनी विचारले. मोजमापाचा प्रश्न होता. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने विचारायचे हे ते शिकलेच नव्हते.

“त्या शेकोटीजवळ नावाडीण म्हणाली होती, की जिन्यावरची पावलं मोजायची. पायऱ्या किती होत्या?”

लेक खिडकीकडे पाहत होती.

“एकोणीस,” ती म्हणाली. “सतराव्यावर तो थांबायचा.”

आणि मग तिने सांगितले. पायऱ्यांपासून सुरू करून सगळे सांगितले, त्या दोन वर्षांतले, कुठलाही दिवस न गाळता, नावाडिणीच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या. सव्वातीनला सुरुवात केली, ती साडेपाचला थांबली. कलमसाहेबांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. तारीख विचारली नाही, कुणी साक्षीला होते का विचारले नाही. एका ठिकाणी ती थांबली तेव्हा ते उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, एवढेच.

तिचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “मी तेव्हा चार गुण दिले होते.”

“हो,” ती म्हणाली. “मी लिहूनही घेतले.”

शनिवारी ती येणार नव्हती. हे तिने त्याच दिवशी स्वच्छ सांगितले. नावाडीण गेली आणि दुसरे पात्र घ्यावेसे तिला वाटत नव्हते. अकरा वर्षे पुरेशी झाली. मात्र बुधवारी मी घरी असते, असे ती म्हणाली. कलमसाहेबांनी हो म्हटले. टेबल गेले ते गेलेच, हे त्यांना लागले, आणि ते त्यांनी तिच्यापासून लपवले नाही.

तिसरा शनिवार रिकामा गेल्यावर अठराव्या कलमाप्रमाणे खुर्ची दुकानदाराच्या मेहुण्याला मिळाली. त्याच दिवशी भिंतीवर एक नवा कागद लागला. बेचाळिसावे कलम: पुस्तक गप्प असेल तेथे सूत्रधाराने प्रथम खेळणाऱ्याला विचारावे, मग स्वतःच्या माहितीप्रमाणे ठरवावे, व चूक झाल्यास ती स्वतःची मानावी. नर्सबाईंनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, “मोकळीक दिली, पण नंबर घालून.” मेकॅनिक म्हणाला, “नंबर आहे म्हणजे टिकेल हो.”

टिकले. मेहुणा पहिल्याच दिवशी विचारू लागला, की ढालीवर बसून उतारावरून घसरता येईल का. कलमसाहेबांचा हात सवयीने पुस्तकाकडे गेला आणि वाटेत थांबला. त्यांनी विचारले, “उतारावर गवत आहे की खडी, तुम्हाला काय वाटतं?” त्या एका प्रश्नापायी रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. त्यांनी हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, “सवय होईल.” अजून झालेली नाही.

बुधवारी ते जातात. कधी लेक बोलते, कधी दोघे नुसते बसतात. पहिल्या बुधवारी परत निघताना त्यांच्याकडे बससाठी सुटे नव्हते. लेकीने अठरा रुपये दिले. ते अजून तिला द्यायचे आहेत.